दूरच्या विद्यार्थ्याचा प्रश्न

दूरशिक्षण हा शब्द कानी पडला, की आजच्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढे हातातला मोबाइल, त्यावर उजळलेला एक चौकोन आणि त्या चौकोनातून बोलणारा शिक्षक उभा राहतो. इंटरनेट आले आणि त्याच्याबरोबर घरबसल्या शिकण्याची सोय आली, अशी एक समजूत सर्वत्र रुजलेली आहे. ती फारशी खरी नाही. दूरवरच्या माणसाला शिकविण्याचा उद्योग या देशात बराच जुना आहे. आणि त्या उद्योगाच्या यशापयशाची जितकी उदाहरणे एकाच ठिकाणी पाहावयास मिळावीत, तितकी ती रायपूर आणि त्याच्या भोवतालच्या छत्तीसगढच्या मुलखात मिळतात. नकाशावर रायपूर हावडा-मुंबई या हमरस्त्यासारख्या लोहमार्गावर आहे. तेव्हा ते स्वतः दूर आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या शहरातून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला धमतरी, कांकेर, जगदलपूर, सुकमा अशी गावे मागे टाकीत राज्याच्या टोकाच्या कोंट्याला पोहोचावयाचे तर चारशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. या वाटेच्या दोन्ही अंगांना जी खेडी विखुरली आहेत, त्यांच्या दृष्टीने दूरशिक्षण हा चैनीचा विषय कधीच नव्हता.

रायपूर हे मराठी माणसालाही परके नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, पुढे तो मध्यप्रांतात राहिला, आणि नोकरी, वकिली, शिक्षकी यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांपैकीच एक माधवराव सप्रे. त्यांनी १९०० च्या जानेवारीत पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले. लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चा आणि समर्थांच्या 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद करणारे सप्रे ते हेच. ज्या प्रदेशात शाळाच विरळ होत्या, तेथे टपालाने घरोघर जाणारे मासिक हे त्या काळचे दूरशिक्षणच म्हटले पाहिजे. वाचकाला एखादी शंका आली, तर तो पोस्टकार्ड लिहू शकत असे, आणि संपादकाला सवड झाली म्हणजे त्याचे उत्तर येत असे. या पोस्टकार्डाची आठवण पुढील विवेचनात ठेवणे इष्ट होईल.

मोठ्या प्रमाणावरचा पहिला प्रयोग आला तो मात्र आकाशातून. डॉ. विक्रम साराभाई यांनी पुढाकार घेऊन १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार घडवून आणला. त्यानुसार नासाचा एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षापुरता भारताला मिळावयाचा होता. साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले. प्रयोग प्रत्यक्षात आला तो १ ऑगस्ट १९७५ रोजी, आणि ३१ जुलै १९७६ पर्यंत तो चालला. 'साइट' या आद्याक्षरांच्या नावाने तो ओळखला जातो. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, राजस्थान आणि मध्यप्रदेश या सहा राज्यांतील २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती, आणि मध्यप्रदेशाच्या वाट्याची खेडी ही रायपूरच्या परिसरातील होती. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक म्हणून प्रा. यशपाल, आणि प्रयोगाचे व्यवस्थापक म्हणून मूळचे कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस, यांनी ही जोखीम उचलली होती.

त्या व्यवस्थेचे तंत्र आजही कौतुकास्पद वाटते. कार्यक्रम अहमदाबादच्या अगर दिल्लीच्या भूकेंद्रावरून पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर स्थिर असलेल्या उपग्रहाकडे जात, आणि तेथून ते थेट खेड्यातील संचावर उतरत. उपग्रहाची स्वतःची छत्री तीस फूट व्यासाची असल्यामुळे खेड्यातील छत्री लहान आणि स्वस्त असून भागत असे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची ती एक परात होती. जेथे वीज नव्हती, तेथे संच बॅटरीवर चालत. संच शाळेत अगर पंचायतीच्या घरात ठेवलेला असे, आणि तो सर्वांच्या मालकीचा होता. दररोज चार तासांचे कार्यक्रम: सकाळी दीड तास मुलांसाठी, सायंकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. सकाळच्या दीड तासात चार भाषा बसवावयाच्या असल्याने प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत.

प्रयोगाचे मूल्यमापन करण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ काही खेड्यांत मुक्काम ठोकून राहिले होते, ही गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. सरकारी योजनेचे परीक्षण प्रपत्रे भरून घेण्यापलीकडे सहसा जात नाही. त्यांना आढळले असे, की प्रारंभी सबंध गाव संचापुढे लोटला, आणि नवलाई ओसरताच गर्दी घटली. आरोग्यासारख्या विषयांत निरक्षर स्त्रियांच्या माहितीत भर पडली. शेतीच्या पद्धतीत मात्र सांगण्यासारखा पालट झाला नाही. यात आश्चर्य वाटावयास नको. ज्या शेतकऱ्याला बियाणे, पाणी आणि कर्ज यांपैकी एकही वस्तू वेळेवर मिळत नाही, त्याला सुधारित धानाचे चित्र दाखविल्याने धान उगवत नाही.

परंतु खरी अडचण आणखी खोल होती. ती वाट एकमार्गी होती. उपग्रहावरून एक चित्र आणि दोन ध्वनी एका वेळी येऊ शकत, म्हणून तेलुगू आणि कानडी श्रोत्यांना एकच चित्र निरनिराळ्या भाषांत ऐकविता येई. राजस्थान, बिहार आणि मध्यप्रदेश या तिघांना मिळून एकच हिंदी वाट्याला आली होती. रायपूरच्या खेड्यातील मुलाच्या घरची भाषा छत्तीसगढी. त्याला एखादा शब्द कळला नाही, तर तो कोणाला विचारणार? पडद्यावरचा माणूस बोलतच राहणार. शिवाय ते दिवस आणीबाणीचे होते. आणीबाणी पुकारून सव्वा महिना लोटला होता, आणि सायंकाळच्या कार्यक्रमांत बातम्याही असत. ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची सोय नसणे ही केवळ यंत्राची मर्यादा होती असे त्या वर्षापुरते तरी म्हणता येणार नाही.

या एका वर्षात एक भाग असा होता, की जो इतरांहून सरस उतरला. तो म्हणजे प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण. १९७५ च्या ऑक्टोबरात आणि १९७६ च्या उन्हाळ्यात, अशा दोन खेपांत मिळून सुमारे ४८,००० शिक्षकांना बारा-बारा दिवसांचा पाठ देण्यात आला. दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील पुस्तिका आणि हाताने करावयाचे प्रयोग यांची त्यात सांगड घातली होती. आणि प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक हजर असे. कार्यक्रम संपला, की संच बंद करून शिक्षक त्या मार्गदर्शकाशी बोलत. हा उरलेला वेळच फळाला आला, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

हे अनुमान नवे नव्हते. त्याच्या वीस वर्षे आधी, १९५६ मध्ये, आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला होता. पुणे आणि शेजारचे जिल्हे मिळून दीडशे खेड्यांत रेडिओ ऐकणारी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, कार्यक्रम लागे. मंडळी तो एकत्र बसून ऐकत, मग त्यावर चर्चा करीत, आणि चर्चेत निघालेले प्रश्न चिटणीस लिहून केंद्राकडे पाठवी. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे येत. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाचा अभ्यास केला, त्यात मंडळे असलेल्या खेड्यांची तुलना नुसताच रेडिओ असलेल्या आणि रेडिओही नसलेल्या खेड्यांशी केली होती. नुसत्या ऐकण्यापेक्षा ऐकून एकत्र बोलण्याने ज्ञानात कितीतरी अधिक भर पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. रेडिओसारखे सर्वथा एकमार्गी साधनही पोस्टकार्डाच्या बळावर दुहेरी करता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. ते सरकारी दप्तरात नोंदलेही गेले. दप्तरात गेलेली गोष्ट पुन्हा बाहेर काढणे ही मात्र या देशातील सर्वांत अवघड कला आहे.

'साइट' संपला, उपग्रह परत गेला, आणि त्या २,४०० खेड्यांतील पडदे अंधारले. १९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरील प्रक्षेपक बसविण्यात आल्याने त्यांतील काही गावांना पुन्हा चित्र दिसू लागले. दरम्यान देशात मुक्त विद्यापीठांचे युग सुरू झाले: आंध्रप्रदेशात १९८२ मध्ये, दिल्लीला इंदिरा गांधींच्या नावाचे १९८५ मध्ये, आणि नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे १९८९ मध्ये. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद प्रत्यक्षात आणताना अभ्यासकेंद्रांवर भर दिला. विद्यार्थी घरी वाचील, परंतु आठवड्यातून एकदा तरी तो जवळच्या केंद्रावर जाऊन जिवंत माणसाला भेटेल, ही त्या रचनेतील कल्पना होती. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा भारतीय उपग्रह सोडण्यात आला, तेव्हा त्याच्या पहिल्या चाचण्यांसाठी निवडलेल्या विद्यापीठांत नाशिकचे हे विद्यापीठही होते. या उपग्रहाने खेड्यातल्या वर्गाला शहरातल्या अध्यापकाशी उलट बोलण्याची सोय दिली; परंतु ती सोय ज्या खोलीत महागडे यंत्र बसविले असेल, त्या खोलीपुरतीच होती. २०१० मध्ये तो उपग्रह निवृत्त झाला.

महाजालाचा, म्हणजे ज्याला सर्वजण वेब म्हणतात त्याचा, विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये त्याची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते सर्व जगाला विनामूल्य खुले केले. भारतात सामान्य नागरिकाला इंटरनेटची जोडणी मिळू लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. प्रक्षेपण आणि वेब यांतील मूलभूत फरक असा, की प्रक्षेपणात पाठविणारा आपल्या वेळेला सर्वांना एकच वस्तू पाठवितो, आणि वेबमध्ये प्रारंभ मागणाऱ्याकडून होतो. विद्यार्थ्याने पान मागितले, की ते पान साठविलेल्या यंत्राकडे निरोप जातो, आणि त्या एकट्यासाठी ते पान निघते. तो तेच पान दहा वेळा मागू शकतो, मध्येच थांबवू शकतो, आणि त्याच वाटेने आपला प्रश्नही पाठवू शकतो. 'साइट'ला जे साधले नाही, ते येथे यंत्राच्या घडणीतच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की पलीकडे उत्तर देणारा कोणी बसला आहे काय.

याचे उत्तर रायपूरला फार कटू रीतीने मिळाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य निर्माण झाले. दोन वर्षांच्या आत, २००२ मध्ये, विधिमंडळाने खाजगी विद्यापीठांच्या स्थापनेसाठी एक कायदा केला. त्याचा हेतू, कागदावर पाहिला तर, वाईट नव्हता. नव्या राज्याजवळ पैसा थोडा, महाविद्यालये थोडी, तेव्हा बाहेरून भांडवल यावे ही अपेक्षा. परंतु कायद्याने विद्यापीठ निर्माण करण्यासाठी राजपत्रातील एक अधिसूचना पुरेशी ठरविली. मग अधिसूचनांचा पाऊस पडला. शंभरावर विद्यापीठे निघाली. त्यांतील अनेकांना इमारत नव्हती, ग्रंथालय नव्हते, अध्यापक नव्हते. काही तर एकेका खोलीत थाटलेली होती. पत्ता रायपूरचा, आणि अभ्यासकेंद्रे देशभर पसरलेली. जो विद्यार्थी शेकडो कोस दूर आहे, तो आपल्या विद्यापीठाला भिंती आहेत की नाहीत हे पाहावयास कसा येणार? दूरशिक्षणातील जे अंतर विद्यार्थ्याची अडचण म्हणून ओळखले जात होते, त्याचा उपयोग येथे आडोशासारखा करण्यात आला.

या प्रकाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे गाऱ्हाणे गेले, ते नेणारे गृहस्थ होते प्रा. यशपाल. तीस वर्षांपूर्वी याच मुलखातील खेड्यांत जाळीच्या छत्र्या उभ्या करणारे, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले, तेच हे यशपाल. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील विद्यापीठे स्थापन करण्यासंबंधीची कलमे रद्दबातल ठरविली, आणि त्यांच्या आधारे निघालेली सर्व विद्यापीठे एका दिवसात अस्तित्वहीन झाली. ज्या मुलांनी भाबडेपणाने पैसे भरून नाव नोंदविले होते, त्यांचे नुकसान होऊ नये म्हणून संबंधित संस्थांना राज्यातील जुन्या विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याची वाट न्यायालयाने खुली ठेवली. त्याच साली बिलासपूरला पंडित सुंदरलाल शर्मा यांच्या नावाचे शासकीय मुक्त विद्यापीठ उभे राहिले. म्हणजे गरज खोटी नव्हती, ती भागविणारे खोटे होते.

आज ऑनलाइन पदव्यांच्या जाहिराती मोबाइलच्या पडद्यावर रोज झळकतात, तेव्हा या निकालाचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. वेबला राज्याच्या सीमा ठाऊक नाहीत; पदवीला मात्र त्या ठाऊक असतात, आणि असावयासही हव्यात. २०२० च्या सप्टेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे एकत्र नियम केले, त्यांत कोणत्या संस्थेला कोणता अभ्यासक्रम ऑनलाइन चालविता येईल याची मान्यता अगोदर घ्यावी लागते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. पैसे भरण्यापूर्वी ती पाहण्यास पाच मिनिटे लागतात. पाच मिनिटांच्या आळसापायी तीन वर्षे गमावल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

यानंतरचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात ताजा आहे. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या. ७ एप्रिल रोजी छत्तीसगढ शासनाने 'पढ़ई तुंहर दुआर' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. छत्तीसगढीतले 'तुंहर दुआर' म्हणजे 'तुमच्या दारी'. मराठी कानाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके होती, चित्रफिती होत्या, ऑनलाइन वर्गांची सोय होती. याहून महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थ्याने गृहपाठाच्या वहीचे छायाचित्र पाठवावे आणि शिक्षकाने ते तपासून परत करावे, तसेच शंका विचाराव्यात, अशी योजना त्यात प्रारंभापासून होती. म्हणजे पुण्याच्या चिटणिसाचे पोस्टकार्ड येथे पुन्हा अवतरले होते.

नोंदणीचे आकडे लाखांत गेले. परंतु त्याच सुमारास केंद्राच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे सर्वांपुढे होते. २०१७-१८ च्या त्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी इंटरनेटची सोय असलेली शेकडा १५ च्या आसपास, आणि घरात संगणक असलेली शेकडा ५ देखील नव्हती. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे ४२ आणि २३ होते. शिवाय कुटुंबात एक मोबाइल असला, तर तो दिवसा बापाच्या खिशात असतो. भावंडे तीन असली, तर संध्याकाळी तो थोरल्या मुलाच्या हाती जातो, आणि मुलीच्या वाट्याला तो येतो तेव्हा त्यातली बॅटरी संपलेली असते. ही वाटणी कोणत्याही पाहणीच्या तक्त्यात बसत नाही.

रायपूरच्या शिक्षणखात्याचे श्रेय असे, की हे लक्षात आल्यावर त्याने संकेतस्थळाचे गोडवे गात बसण्याऐवजी तेच पाठ खालच्या पायरीवर उतरविले. ऑगस्टमध्ये 'पढ़ई तुंहर पारा' सुरू झाले. पारा म्हणजे वस्ती, मराठीतला पाडा. गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाने अगर मुलीने ओट्यावर, झाडाखाली, अंतर राखून लहान मुलांना बसवावे आणि शिकवावे. जेथे इंटरनेट पोहोचत नाही, तेथे पाठांच्या ध्वनिफिती ब्लूटूथने एका मोबाइलमधून दुसऱ्यात द्याव्यात, ही आणखी एक युक्ती. गावकऱ्यांनी ब्लूटूथचे 'बुल्टू' करून टाकले होते, म्हणून या उपक्रमाला 'बुल्टू के बोल' असे नाव पडले. आठवड्याच्या बाजाराला आलेली माणसे मीठ-तेलाबरोबर धडेही घरी नेऊ लागली. बस्तरमधील काही गावांत ध्वनिक्षेपक लावून शाळा भरविल्या गेल्या. शिक्षक मोटारसायकलवर फळा बांधून वस्त्यांतून हिंडले.

हे सर्व पाहून काहींनी असे म्हटले, की वेबचा पराभव झाला. तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ध्वनिफीत रायपूरच्या संकेतस्थळावर एकदा चढविली नसती, तर ती शेकडो बाजारांत एकाच आठवड्यात पोहोचली नसती. वेब हे येथे कोठार होते, आणि शेवटची वाट माणसांनी पायी, चाकावर अगर हातातल्या यंत्राने तुडविली. पुढेही पुष्कळ काळ असेच चालेल, हे गृहीत धरून पाठ तयार करावेत हे बरे. अर्ध्या तासाच्या चित्रफितीला जेवढा डेटा लागतो, तेवढ्यात अनेक पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात. ध्वनीला चित्राच्या मानाने फारच थोडा लागतो, आणि अक्षरांना त्याहून थोडा. असे असता बहुतेक ठिकाणी सर्व भर चित्रफितींवर दिला जातो. कारण अधिकाऱ्यांच्या बैठकीत भिंतीवर दाखविण्यास त्या शोभतात. ज्याच्या मोबाइलमध्ये दिवसाकाठी थोडासाच डेटा उरला आहे, त्या विद्यार्थ्याची सोय त्या बैठकीत कोणी मांडत नाही.

भाषेचा प्रश्न तर 'साइट'च्या दिवसांपासून तसाच पडून आहे. त्याला एक निराळे उत्तर छत्तीसगढमध्येच शोधले गेले. शुभ्रांशु चौधरी हे पूर्वीचे बीबीसीचे पत्रकार. त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधनशाळेच्या मदतीने २०१० मध्ये 'सीजीनेट स्वर' ही सेवा उभी केली. तिच्यासाठी स्मार्टफोन लागत नाही, वाचता येण्याची गरज नाही. साध्या फोनवरून एका क्रमांकाला हाक द्यावयाची. तिकडून उलट फोन येतो, म्हणून खर्चही पडत नाही. मग आपले म्हणणे आपल्या भाषेत, गोंडीत, कुडुखमध्ये, छत्तीसगढीत, बोलावयाचे. संपादक ते पडताळून पाहतात, आणि ते वेबवर तसेच फोनवर इतरांना ऐकावयास मिळते. हातपंप बिघडला आहे, मजुरी मिळालेली नाही, मास्तर येत नाहीत, अशा तक्रारी त्यावर अधिक येत. परंतु लिपीवाचूनही वेब वापरता येतो, हे या सेवेने दाखवून दिले. शिक्षणखात्यांनी तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तक्रारीला ज्या मार्गाने उत्तर मिळते, त्याच मार्गाने त्रैराशिकाच्या शंकेलाही मिळू शकेल.

गोंडीचे उदाहरण महाराष्ट्राच्याही जिव्हाळ्याचे आहे. २०११ च्या शिरगणतीत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. ते छत्तीसगढ, मध्यप्रदेश, महाराष्ट्र, तेलंगण अशा राज्यांत वाटले गेले आहेत. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात ही भाषा नाही, आणि कोणत्याही एका राज्यात ती बहुसंख्यांची नाही. म्हणून तिच्यात पाठ तयार करणे हे कोणत्याच एका राज्याला आपले पहिले काम वाटत नाही. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या तिच्या दोन लिप्यांना युनिकोडमध्ये २०१७ आणि २०१८ साली स्थान मिळाले. म्हणजे वेबच्या बाजूने आता अडसर नाही. अडसर आहे तो पाठ लिहिणारे, बोलणारे आणि आलेल्या प्रश्नांना गोंडीतच उत्तर देणारे शिक्षक नेमण्याचा.

शिक्षकांच्या नेमणुकीचा मुद्दा कोठेही मांडला, की खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. वहीचे एक छायाचित्र नीट तपासून दोन ओळी लिहावयाच्या, तर पाच-सात मिनिटे लागतात. चाळीस मुलांचा वर्ग घेतला, तर रोजचे चार तास यातच जातील. आणि ज्या शाळेत एकच शिक्षक पाच इयत्ता सांभाळतो, तेथे हे तास आणावयाचे कोठून? या गणिताला यंत्राने उत्तर शोधले आहे असे अलीकडे सांगितले जाते. विद्यार्थ्याने विचारावे आणि संगणकानेच सांगावे. काही बाबतीत ते उपयोगी ठरेलही. तथापि जे यंत्र हिंदी-इंग्रजीत अस्खलित बोलते, ते गोंडीत अडखळते, कारण त्याला शिकविण्यास लागणारा गोंडी मजकूरच थोडा आहे. ज्यांना अगोदर काही मिळालेले नाही, त्यांना यंत्राकडूनही उशिराच मिळावयाचे. म्हणून तूर्त तरी शिक्षकाच्या कामाच्या मोजणीत उत्तरे देण्याचे तास धरले पाहिजेत. आजची प्रपत्रे किती विद्यार्थ्यांनी नाव नोंदविले आणि किती चित्रफिती चढविल्या हे विचारतात. किती प्रश्न आले, त्यांपैकी कितींना किती दिवसांत उत्तर गेले, हा रकाना त्यांत घालणे हे एका परिपत्रकाचे काम आहे.

इंद्रावतीच्या एका तीरावर छत्तीसगढचा विजापूर जिल्हा आहे, दुसऱ्या तीरावर महाराष्ट्राचा गडचिरोली. दोन्ही तीरांवरची मुले घरी गोंडी बोलतात. शाळेत गेल्यावर एकाला हिंदी भेटते, दुसऱ्याला मराठी. बेरीज-वजाबाकीचा, पाण्याच्या चक्राचा, शरीराच्या अवयवांचा गोंडी पाठ एकदा ध्वनिमुद्रित झाला, तर तो दोघांनाही चालण्यासारखा आहे, आणि वेबवर ठेवला तर दोघांनाही उतरवून घेता येण्यासारखा आहे. मात्र रायपूरच्या खात्याचे पाठ रायपूरच्या संकेतस्थळावर, आणि पुण्याच्या खात्याचे पुण्याच्या. ती ध्वनिफीत कोणी करावयाची, मानधन कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचे, आणि भामरागडच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला भोपालपट्टणमच्या शिक्षकाने उत्तर दिले तर ते त्याच्या कामात धरावयाचे की नाही, एवढेच ठरवावयाचे आहे. त्यासाठी नव्या उपग्रहाची आवश्यकता नाही. दोन कार्यालयांमधील पत्रव्यवहार पुरेसा आहे.